कशाच्या अपेक्षेने? वादविवाद स्पर्धांच्या परीक्षकांना खुलं पत्र

परीक्षक मंडळींना सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका वादविवाद स्पर्धेला मी श्रोता म्हणून बसलो होतो. विषय होता, ‘सत्य सापेक्ष असते, निरपेक्ष नव्हे’. स्पर्धेचं नाव घेत नाही, कारण हे पत्र त्या एका स्पर्धेबद्दल नाही. हा विषय फिरून फिरून येतो आणि तो आला की निकालाच्या वेळचं भाषणही जवळपास ठरलेलं असतं. त्या दिवशीही तेच झालं. एक परीक्षक उठले, दोन्ही बाजूंचं कौतुक केलं आणि म्हणाले, “शेवटी काय, प्रत्येकाचं सत्य वेगळं असतं. त्यामुळे दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत.” टाळ्या पडल्या. पहिलं बक्षीस ठरावाच्या बाजूने बोललेल्या मुलीला मिळालं.

ती मुलगी माझी नात. तेव्हा हे हरलेल्या पक्षाचं रडगाणं आहे असं कृपया समजू नका. घरी येताना ती जे बोलली, त्यामुळे मी लिहायला बसलो. ती म्हणाली, “आबा, मला स्वतःला हे काही पटत नाही. पण निरपेक्षच्या बाजूने बोललं की माणूस हट्टी वाटतो. सापेक्ष म्हटलं की समंजस वाटतो.” मुलांनी तुमचे गुण नेमके कुठे असतात ते ओळखलंय, एवढाच त्याचा अर्थ.

मी जन्मभर मोजणीचं काम केलं. भूमापक होतो. तत्त्वज्ञानाचं वाचन निवृत्तीनंतरचं, हौसेचं. पण ‘सापेक्ष’ या शब्दाशी माझा संबंध जुना आहे, कारण आमच्या कामात त्याच्याशिवाय पान हलत नाही. अमुक खूण समुद्रसपाटीपासून इतके मीटर उंच, असं आम्ही लिहितो. आता कुठली समुद्रसपाटी? समुद्र सगळीकडे एका पातळीला नसतो. मग एखादं बंदर निवडायचं, तिथे वर्षानुवर्षं पाण्याची पातळी नोंदवायची, सरासरी काढायची आणि तिला शून्य म्हणायचं. हा शून्य माणसांनी ठरवलेला. शेजारच्या देशाने दुसऱ्या समुद्रावर दुसरा ठरवलेला. याहून सापेक्ष काय असायचं?

एका पुलाची हकीकत सांगतो. ऱ्हाइन नदीच्या दोन तीरांवर लाउफेनबुर्ग या एकाच नावाची दोन गावं आहेत, एक जर्मनीत, एक स्वित्झर्लंडमध्ये. त्यांच्यामध्ये नवा पूल बांधायला घेतला. जर्मनीतल्या उंच्या उत्तर समुद्राच्या पातळीवरून धरलेल्या, स्वित्झर्लंडच्या भूमध्य समुद्रावरून. दोन शून्यांत २७ सेंटिमीटरांचा फरक. हा फरक कुणी विसरलं नव्हतं, बरं का. अभियंत्यांना तो पक्का ठाऊक होता आणि त्यांनी तो हिशेबात धरलाही होता. फक्त अधिक-उण्याचं चिन्ह उलटं पडलं. फरक मिटायच्या ऐवजी दुप्पट झाला. २००३ साली काम चालू असताना लक्षात आलं की दोन बाजू एकमेकींना ५४ सेंटिमीटरांनी चुकतायत. शेवटी जर्मन बाजू खाली घेऊन पूल जुळवला.

त्या दिवशी सभागृहात मला सारखा हा पूल आठवत होता. जर्मन उंची जर्मन शून्यापासून अचूक होती, स्विस उंची स्विस शून्यापासून. तुमच्या परीक्षकांच्या भाषेत, दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर. आणि नदीच्या मध्यावर अर्ध्या मीटरहून मोठी पायरी! गाडीवाल्याने ती कुठल्या दृष्टिकोनातून पाहिली असती म्हणजे गाडी वर चढली असती? शून्य दोन होते आणि दोन्ही माणसांनी ठरवलेले होते, हे कबूल. पण त्या दोन शून्यांमधलं अंतर कुणी ठरवलेलं नव्हतं. ते मोजून सापडलं होतं आणि दोन्ही देशांना ते तेवढंच सापडत होतं.

म्हणून माझं भांडण ‘सापेक्ष’ या शब्दाशी नाही. तो अर्धाच वापरला जातो, याच्याशी आहे. फोड करा: स-अपेक्ष. अपेक्षेसहित. इथे अपेक्षा म्हणजे आशा किंवा मागणी नाही, कशाच्या मानाने म्हणतोय ते. ‘हे सापेक्ष आहे’ असं म्हणणारा एक जबाबदारी अंगावर घेत असतो, की कशाच्या अपेक्षेने तेही मी सांगेन. मोजणीच्या वहीत नुसती उंची लिहून शून्य कुठला ते लिहिलं नाही, तर साहेब वही तोंडावर मारायचे. व्यासपीठावर मात्र शब्द नुसता उच्चारला की वाद संपल्यासारखा सगळे खाली बसतात.

जैन तर्कशास्त्राने ही गोष्ट केव्हाच पक्की करून ठेवली आहे. त्या स्पर्धेत तीन मुलांनी स्याद्वादाचं, म्हणजे प्रत्येक विधानाला ‘स्यात्’ जोडून बोलायच्या जैन मताचं, नाव घेतलं आणि तिघांनीही ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ असं सांगितलं. कुणी हटकलं नाही. स्यात् म्हणजे कदाचित नाही. एका विशिष्ट अपेक्षेने, असा तिथे त्याचा अर्थ आहे. आणि त्या अपेक्षा कोणत्या, तेही सैल सोडलेलं नाही: द्रव्य, क्षेत्र, काल, भाव. घडा मातीचा म्हणून आहे, सोन्याचा म्हणून नाही. या खोलीत आहे, त्या खोलीत नाही. आज आहे, परवा नव्हता. आता यात ‘कदाचित’ कुठे बसवता? मला सगळ्यात आवडतो तो त्या सूत्रातला छोटा शब्द, ‘एव’. स्यात् अस्ति एव. या अपेक्षेने आहेच. आधी अपेक्षा सांगायची आणि मग ‘च’ लावायला कचरायचं नाही. आमच्या मुलांनी ‘स्यात्’ उचलला आणि ‘एव’ तिथेच टाकून आले.

मुलांना समजावायला सोपं उदाहरण हवं असेल तर सर्वात उंच पर्वत कोणता, ते विचारा. समुद्रसपाटीपासून मोजला तर एव्हरेस्ट, २०२० साली जाहीर झालेल्या आकड्यानुसार ८८४८.८६ मीटर. पृथ्वीच्या केंद्रापासून मोजला तर इक्वेडोरमधला चिंबोराझो. समुद्रसपाटीपासून तो सुमारे ६२६३ मीटरच आहे, पण पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे आणि चिंबोराझो त्या फुगवट्यावर बसलाय, त्यामुळे त्याचं टोक एव्हरेस्टच्या टोकापेक्षा केंद्रापासून सुमारे २ किलोमीटर अधिक दूर पडतं. आणि समुद्राच्या तळाशी असलेल्या पायथ्यापासून धरला तर हवाई बेटावरचा मौना केआ एव्हरेस्टला मागे टाकतो. झाली तीन उत्तरं. सापेक्षवाला इथेच टाळी मागेल. पण या तिन्हींत कुणाचंही मत कुठे आलंय? एकदा माप ठरलं की पुढे कुणाच्या आवडीनिवडीला जागा उरत नाही. किलिमांजारोवर तुमचं कितीही प्रेम असो, या तिन्हींपैकी कुठल्याच मापाने तो पहिला येत नाही.

एव्हरेस्टवरून आठवलं. १८५६ साली त्याची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. आमच्या मोजणीवाल्यांत किस्सा सांगतात की हिशेब बरोबर २९,००० आला होता, पण लोक म्हणतील अंदाजाने ठोकून दिलाय, म्हणून वर दोन फूट चिकटवले. खरं दिसावं म्हणून खऱ्यात दोन फुटांचं खोटं! तुमच्या पुढच्या स्पर्धेला हा विषय देऊन बघा, मुलं जास्त रंगात येतील.

असो. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट त्या दिवशी दोनदा झाली. कुणाला हत्ती खांबासारखा, कुणाला सुपासारखा, तात्पर्य काय तर प्रत्येकाचं सत्य वेगळं. पण ती गोष्ट सांगणाऱ्याला अख्खा हत्ती दिसत असतो, त्याशिवाय गोष्टच सांगता येत नाही. ते जरा बाजूला ठेवू. मला खटकतं ते वेगळंच. त्या गोष्टीत कुणी जागचं हलत नाही. पायाशी उभा असलेला पायाशीच राहतो, कानाशी असलेला कानाशी. आमच्या टोळीतला एखादा पोऱ्या तिथे असता तर त्याने पहिल्यांदा सगळ्यांना ओरडून जागा बदलायला लावल्या असत्या.

कारण आमचा अख्खा धंदा त्यावर चालतो. नदीपलीकडची टेकडी किती लांब आहे ते नदी न ओलांडता कसं काढतात? अलीकडे एक आधाररेषा आखायची, ती नीट मोजायची, आणि तिच्या दोन टोकांवरून टेकडीकडे पाहायचं. एका टोकावरून टेकडी एका कोनात दिसते, दुसऱ्यावरून दुसऱ्या. दोघांचे आकडे जुळत नाहीत. जुळले असते तर उलट काहीच काढता आलं नसतं! ते न जुळणंच आमचं भांडवल. त्या फरकातून अंतर निघतं.

आकाशातही हेच. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल तर सहा महिन्यांच्या अंतराने पाहिल्यावर जवळचे तारे किंचित सरकलेले दिसायला हवेत. टायको ब्राहेसारख्या कसलेल्या निरीक्षकाला ते सरकणं दिसलं नाही आणि म्हणून त्याने पृथ्वी स्थिर मानली. त्याचा तर्क काही वेडगळ नव्हता, उपकरणं अपुरी होती. १८३८ साली बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याचं ते सरकणं मोजून दाखवलं. मधल्या जागेपासून एकेका बाजूला, एका अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातल्या एका भागाच्याही साधारण तिसऱ्या हिश्शाएवढं. दोन जागांवरून एकच तारा दोन ठिकाणी दिसला, यावरून बेसेलने ‘प्रत्येकाचा तारा वेगळा’ असा निष्कर्ष काढला नाही. त्याने ताऱ्याचं अंतर काढलं.

आइन्स्टाइनबद्दल मी एकच परिच्छेद लिहिणार आहे, कारण त्याचं नाव या विषयात घेतलं की माझं डोकं उठतं. ‘त्यानेच सिद्ध केलं की सगळं सापेक्ष असतं.’ १९०५ सालचा तो सिद्धान्त उभाच आहे एका न बदलणाऱ्या गोष्टीवर: निर्वातातला प्रकाशाचा वेग कुणीही मोजा, सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटरच येणार. वेगवेगळ्या वेगाने जाणाऱ्यांची घड्याळं आणि मोजपट्ट्या जुळणार नाहीत, हे खरं. पण किती जुळणार नाहीत, ते सिद्धान्त नेमकं सांगतो. आम्ही वापरतो त्या जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं, वेगाचा आणि (आइन्स्टाइनच्याच १९१५ च्या सिद्धान्तानुसार) गुरुत्वाकर्षणाचा परिणाम मिळून, जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटरांहून जास्त अंतर कापतो. ती दुरुस्ती केली नाही तर तुमच्या फोनमधला नकाशा तुम्हाला भलतीकडेच नेऊन उभं करेल. उपग्रहाचं घड्याळ त्याच्या जागी बरोबर, आपलं आपल्या जागी, असं म्हणून कुणी गप्प बसलं नाही.

आता मूळ ठरावाकडे येतो. ‘मनुष्य हा सर्व गोष्टींचं माप आहे’ असं ग्रीक तत्त्वज्ञ प्रोटॅगोरस म्हणाला, त्याला अडीच हजार वर्षांच्या आसपास झाली. ज्याला जे वाटतं ते त्याच्यापुरतं खरं. प्लेटोने त्यावर जो डाव टाकला तो तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल: मग ज्यांना वाटतं की प्रोटॅगोरस चुकतोय, त्यांचंही खरंच की. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा नुसता शब्दांचा खेळ वाटला होता. नंतर तो माझ्या भाषेत उतरला. उंच्या मोजत जाताना आम्ही एका खुणेपासून निघतो, मैलोन्मैल फिरतो आणि शेवटी त्याच खुणेवर परत येतो. निघताना जी उंची धरली तीच परत मिळायला हवी. थोडं इकडेतिकडे होतंच, त्याला आम्ही क्लोजिंग एरर म्हणतो. ठरलेल्या मर्यादेत असली तर वाटून टाकायची. मर्यादेबाहेर गेली तर अख्खा फेरा पुन्हा. साहेबासमोर जाऊन ‘आकडा सापेक्ष आहे’ म्हणायची सोय नाही. प्रोटॅगोरसचा फेरा असा बंद होत नाही. ‘सगळं सापेक्ष आहे’ इथून निघतो आणि स्वतःपाशी परत येतो तेव्हा हातात उरतं, ‘हे एक वाक्य सोडून’. दुसऱ्याच्या विधानाला लावलेली पट्टी स्वतःच्या विधानाला लावायची वेळ आली की ती खिशात जाते.

इथवर माझी चाल सोपी होती, हे मलाही कळतं. डोंगर, पूल, तारे. माणसांच्या गोष्टींचं काय, असं तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवटीतल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी नेमलेल्या सत्य आणि सलोखा आयोगाने १९९८ च्या अहवालात सत्याचे चार प्रकार मानले आहेत: पुराव्याने सिद्ध होणारं, माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं, चर्चेतून समाजात घडत जाणारं आणि जखम भरून काढणारं. हे वाचून मी आधी वैतागलो. चार-चार सत्यं कसली! मग हळूहळू उमगलं. ज्या बाईचा मुलगा मारला गेला तिला वीस वर्षं काय वाटत राहिलं, हे कुठल्याही कागदपत्रात सापडत नाही. ती सांगेल तेच त्याबाबतचं सत्य, आणि तिथे तिला खोडणारे आपण कोण? पण हाच आयोग ज्या कायद्याने नेमला, त्यात गुन्हा करणाऱ्यांना माफी द्यायची तर केलेलं सगळं पूर्णपणे उघड करा, अशी अट होती. आईची कहाणी निराळी, मारणाऱ्याची निराळी. मुलाला कुठे पुरलं याची जागा मात्र एकच, आणि काही ठिकाणी जमीन खणून अवशेष काढलेही गेले. तिथे कुणी ‘तुझी जागा तुझ्यापाशी, माझी माझ्यापाशी’ म्हणालं असतं तर तो दुसरा खून झाला असता.

नीतीच्या बाबतीत माझे पाय जास्त लटपटतात. न्याय-अन्यायाला समुद्रसपाटी असते का? मला दाखवता येणार नाही, दाखवतो म्हणणाऱ्यांवर माझा फारसा विश्वासही नाही. पण ‘त्या काळी गुलामगिरी बरोबरच होती, ते त्या काळचं सत्य’ असं एका मुलाने मोठ्या ऐटीत सांगितलं, तेव्हा मी खुर्चीत चुळबुळलो. कुणाच्या अपेक्षेने बरोबर होती? हैतीत १७९१ साली गुलाम उठले, तेरा वर्षं लढले आणि १८०४ साली तिथे स्वतंत्र देश उभा राहिला. ती माणसं त्याच काळातली होती ना? ‘त्या काळाचं मत’ म्हणून जी सरासरी काढली तिच्यात त्यांचं मत धरलंच नव्हतं. यावरून नीती निरपेक्ष ठरते असा माझा दावा नाही. पण निम्म्याहून जास्त नोंदी गाळून काढलेली सरासरी सापेक्ष म्हणूनही चुकीचीच असते, एवढं मोजणीवाल्याला नक्की सांगता येतं.

आणि आवडनिवडीच्या गोष्टी? राग कुठला गोड, रंग कुठला छान? त्या खुशाल ज्याच्या त्याच्या. त्यांच्यावर वाद लावायचं कारण नाही आणि त्यांची उदाहरणं देऊन बाकीचं सगळं त्यांच्यासारखंच आहे असं सुचवायचंही कारण नाही.

तर विनंती अशी. पुढच्या वेळी एखाद्या मुलाने किंवा मुलीने ‘हे सापेक्ष आहे’ असं म्हटलं की तिथेच थांबवा आणि विचारा, कशाच्या अपेक्षेने? उत्तर देता आलं तर भरभरून गुण द्या. त्याने खरंच काहीतरी विचार केलाय. नाही देता आलं तर टाळ्या किती पडल्या तिकडे पाहू नका. ‘सत्य एकच’ म्हणून टेबलावर हात आपटणाऱ्यालाही सोडू नका. त्याला विचारा, तुझा शून्य कुठला, आणि तो तू कधी तपासला होतास? आणि निकालाच्या वेळी ‘दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर’ हे वाक्य मनात आलं तर त्या दोन जागांमध्ये किती सेंटिमीटर आहेत, तेही सांगा. ते मोजायला तुम्हाला वर बसवलंय.

पत्र इथे संपवणार होतो. नातीने वाचलं आणि म्हणाली, “आबा, पण तुमचा समुद्र तरी कुठे स्थिर आहे?”

नाहीये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून जगभरातली सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरांनी वर आली आहे. मी तिला म्हटलं, म्हणून तर आकड्यासोबत कुठला शून्य आणि कुठलं साल, दोन्ही लिहायचं असतं.

“पण वीस सेंटिमीटर वर आली हे कशापासून मोजलं?”

आता उपग्रहांवरून, पृथ्वीच्या वस्तुमानाच्या केंद्रापासून मोजतात.

“आणि ते केंद्र हलत नाही?”

जमिनीच्या मानाने तेही हलतं, म्हटलं. काही मिलिमीटर.

ती हसली. “म्हणजे संपतच नाही.”

संपत नाही, पण सेंटिमीटरांवरून मिलिमीटरांवर आलं, ते तुझ्या लक्षात आलं का, असं मी तिला विचारलं. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, हे बोलायला घेतलं तर पाच मिनिटांत बसणार नाही, चौथ्या मिनिटालाच घंटा होते.

तेवढी घंटा जरा उशिरा वाजवता आली तर पाहावी.

आपला,
एक निवृत्त भूमापक